फिका, पांडुर आणि गोरा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा चाललेला तुम्ही कधी पाहिला आहे काय? व्यापारी पोत्यातले एखादे हळकुंड उचलतो आणि मोडून त्याचा आतला रंग पाहतो. रंग गडद, केशरी पिवळा निघाला तर भाव चढतो. फिका निघाला तर तो नाक मुरडतो. त्याचे बरोबरच आहे. हळदीचा पिवळेपणा कुरकुमिन नावाच्या द्रव्यामुळे येतो आणि फिकेपणावरून ते द्रव्य कमी असल्याचा अंदाज बांधता येतो.

आता त्याच जिल्ह्यात तासगावला जा. तेथे बेदाण्याचा सौदा होतो, आणि रंगाचा न्याय नेमका उलटा होतो. हिरवट किंवा पिवळसर, उजळ बेदाण्याला भाव जास्त, काळपट पडलेल्याला कमी. गुळाचेही तसेच. सांगली, कराड, कोल्हापूर या पट्ट्यात पिवळाधमक उजळ गूळ हातोहात खपतो, म्हणून काही ठिकाणी रस उकळताना त्यात रंग उडवणारी रसायने टाकतात. गुळाची गोडी त्याने वाढत नाही. वाढतो तो फक्त उजळपणा, आणि त्याचबरोबर रसायनाचा अंश.

फिका रंग हळदीत वाईट ठरतो आणि गुळात चांगला. म्हणजे चांगलेवाईटपण रंगात नसून आपण लावलेल्या भावात असते. ही गोष्ट मनात ठेवून आपण आज काही शब्द तपासणार आहोत. इंग्रजीच्या तासाला तुम्हाला लाइट, पेल, फेअर, व्हाइट, पेस्टल, पॅलिड, वॅन असे शब्द भेटतात. शब्दार्थांच्या वहीत त्यांच्यापुढे आपण 'फिका', 'फिकट', 'गोरा' असे काहीतरी लिहून मोकळे होतो. पण या शब्दांत तीनचार अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. त्यांची सरमिसळ केली, तर नुसते मार्क जात नाहीत, कधी कधी माणसाचे आजारपणही नजरेतून सुटते.

रंगाची तीन मापे

कोणताही रंग नेमका सांगायचा तर तीन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली छटा : तांबडा, पिवळा, हिरवा की निळा? दुसरी उजळपणा : पडलेल्या प्रकाशापैकी किती परत येतो? तिसरी संपृक्तता : रंग किती भरीव आहे, की त्यात पांढरा अथवा करडा रंग मिसळल्यासारखा वाटतो? अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकला शिक्षकाने १९०५ साली या तीन मापांवर आधारलेली रंगांची पद्धत मांडली. आजही मृदाशास्त्रज्ञ शेतातल्या मातीचा रंग नोंदवताना मन्सेलच्या रंगपट्ट्या मातीच्या ढेकळाशेजारी धरतात.

हे स्वयंपाकघरात करून पाहा. तीन वाट्यांत प्रत्येकी एक चमचा कोरडी हळद घ्या. पहिली तशीच ठेवा. दुसरीत चार चमचे तांदळाची पिठी मिसळा. तिसरीत कोळशाची चिमूटभर बारीक पूड मिसळा. छटा तिन्हींत साधारण पिवळीच आहे. दुसऱ्या वाटीत उजळपणा वाढला आणि संपृक्तता कमी झाली. तिसऱ्या वाटीत उजळपणा घटला आणि रंग मळकट झाला.

इंग्रजीतला 'पेल यलो' म्हणजे तुमची दुसरी वाटी. 'पेस्टल' हा शब्द तर अशा मिश्रणातूनच जन्मला आहे. रंगाची पूड, खडू आणि डिंक यांचा लगदा करून चित्रकार कांड्या वळत. लगद्याला इटालियन भाषेत जो शब्द होता, त्यावरून 'पेस्टल' आला. खडूमुळे रंग सौम्य दिसत, म्हणून पुढे सगळ्याच सौम्य रंगांना ते नाव मिळाले. 'लाइट' हा शब्द फक्त उजळपणाबद्दल बोलतो. उजळ रंग भरीवही असू शकतो. पिवळ्याधमक शेवंतीला फिकी कोण म्हणेल?

फिकेपणाच्या तीन वाटा

एखादी वस्तू फिकी दिसते ती का? एक कारण आपण वाटीत पाहिले : पांढरे काहीतरी मिसळले गेले.

दुसरे कारण शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली पाहा. सांगली भागातल्या द्राक्षबागायतदारांच्या मुलांना मोरचूद चांगलाच माहीत असेल. बोर्डो मिश्रण करताना तो चुन्याच्या निवळीत घालतात. मोरचुदाचा मोठा खडा गडद निळा दिसतो. तो खलात बारीक कुटा. पूड फिकट निळी होते! (मोरचूद विषारी आहे. हात लावू नका आणि प्रयोगानंतर खल धुऊन टाका.) पांढरे तर काहीच मिसळले नाही, मग रंग गेला कुठे?

खड्यात शिरलेला प्रकाश आत बराच प्रवास करतो. वाटेत त्यातले तांबडे किरण शोषले जातात आणि उरलेला निळा आपल्याकडे येतो. पुडीत मात्र कणाकणाला पृष्ठभाग आहेत. थोडे अंतर गेला न गेला तोच प्रकाश एखाद्या पृष्ठभागावर आपटून विखुरतो आणि बाहेर पडतो. रंग शोषला जायला वावच मिळत नाही. मीठ, साखर, काच हे पदार्थ पारदर्शक असूनही त्यांची पूड पांढरी दिसते ती याच कारणाने. मोगऱ्याच्या पाकळीत पांढरा रंग मुळी नसतोच. पेशींच्या मधल्या हवेच्या पोकळ्यांवरून प्रकाश विखुरतो. पाकळी चिमटीत घट्ट दाबा. हवा निघून गेली की ती पाणचट, पारदर्शक होते. भिलवडीच्या दुधाचा पांढरेपणाही स्निग्ध कणांनी आणि प्रथिनांनी विखुरलेल्या प्रकाशाचाच.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे : रंग देणारे द्रव्यच नाहीसे होते. तोच मोरचूद परीक्षानळीत तापवा. त्याच्या प्रत्येक रेणूला पाण्याचे पाच रेणू जोडलेले असतात. ते पाणी निघून जाते आणि निळी पूड पांढरी पडते. गार झाल्यावर पाण्याचा थेंब टाका, निळा रंग परत येतो. घरात याचे उदाहरण म्हणजे सदऱ्यावर पडलेला हळदीचा डाग. धुऊन कडक उन्हात वाळवला की तो फिका होतो, कारण प्रकाशाने कुरकुमिनचे रेणू मोडतात. हरिपूर भागात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवीत. अंधारात ती आपला रंग राखून असे.

मिसळण, विखुरणे आणि उणीव अशा या तीन वाटा आहेत. डोळ्यांना तिन्हींचा परिणाम सारखा दिसतो, पण अर्थ निराळा.

आणखी एक सावधगिरी. पांढरे दिसणे हे शेजाऱ्यावरही अवलंबून असते. पौर्णिमेचा चंद्र कसा दिसतो? पांढराशुभ्र. प्रत्यक्षात त्याच्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी शेकडा सुमारे १२ भागच तो परत पाठवतो. ताजे बर्फ शेकडा ८० ते ९० भाग परत पाठवते. चंद्राचा पृष्ठभाग जुन्या डांबरी रस्त्याइतका काळा आहे. काळ्याभोर आकाशाच्या शेजारी तो गोरा वाटतो, एवढेच. या परावर्तनाच्या मापाला 'अल्बेडो' म्हणतात. पांढरेपणा या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून लँबर्टने १७६० साली तो रूढ केला.

शब्दांचे रंग बदलतात

आता शब्दांकडे वळू. 'फेअर' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ होता सुंदर, मनोहर. त्यात रंगाचा संबंध नव्हता. पुढे तो उजळ कांतीसाठी वापरला जाऊ लागला. हाच शब्द न्याय्य वागणुकीलाही लागतो : 'फेअर प्ले' म्हणजे सचोटीचा खेळ. सुंदर, गोरा आणि न्यायी हे तिन्ही अर्थ एकाच शब्दाच्या पोटात गेले. पण शब्दाने केलेली ही मोट निसर्गाने बांधलेली नाही.

'वॅन' म्हणजे आज निस्तेज, पांढुरका. जुन्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ काळपट असा होता! समान धागा होता तो 'तेज नसणे' हा. आणखी गंमत म्हणजे 'ब्लॅक' आणि 'ब्लीच' हे शब्द भाषाशास्त्रज्ञ एकाच प्राचीन धातूशी जोडतात. त्याचा अर्थ चमकणे, जळणे. ज्वाला उजेड देते आणि मागे कोळसा ठेवते.

आपल्याकडेही हीच कथा. संस्कृत कोशांत 'गौर' शब्दाला पांढरा, पिवळा आणि तांबूस असे तिन्ही अर्थ दिलेले आढळतात. 'गौरी' हे तर हळदीचेही एक नाव आहे. त्यापासूनच आपला 'गोरा' आला. 'पांडु' किंवा 'पांडुर' म्हणजे पिवळसर पांढरा, आणि त्यापासून आपला 'पांढरा'. सातारा-सांगलीच्या खेड्यांत वस्तीच्या जमिनीला 'पांढरी' म्हणतात आणि शेताच्या जमिनीला 'काळी'. यांत मान कोणाला? जी पिकवते, पोसते तिला आपण काळी आई म्हणतो. आणि आषाढात लोणंद, फलटणवरून ज्याच्या भेटीला ज्ञानेश्वरांची पालखी जाते, तो पांडुरंग पाहा. त्या नावाची व्युत्पत्ती पंडित निरनिराळी सांगतात, पण शब्दाचा सरळ अर्थ 'पांढुरक्या रंगाचा' असा होतो. मूर्ती मात्र काळी. वारकऱ्याला त्यात काही खटकत नाही.

त्वचेचा रंग कोठून येतो

माणसाच्या त्वचेला आता आपली तीन कारणे लावून पाहू. वरच्या पातळ थरात मेलॅनिन हे तपकिरी-काळे रंगद्रव्य असते. त्याच्या खालच्या जाड थरात पांढुरक्या तंतूंचे जाळे असते. ते आलेला प्रकाश विखुरते, दुधासारखेच. याच थरातल्या बारीक रक्तवाहिन्यांत हिमोग्लोबिन असते. ते निळा आणि हिरवा प्रकाश बराच शोषून घेते, तांबडा सोडते. प्रकाश मेलॅनिनच्या गाळणीतून आत जातो, विखुरतो, रक्ताची लाली घेतो आणि पुन्हा त्याच गाळणीतून बाहेर येतो. म्हणजे खालचा थर सर्व माणसांचा सारखाच पांढुरका आहे. फरक आहे तो वरच्या गाळणीत.

मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींची संख्यादेखील सर्व माणसांत साधारण सारखीच असते. त्या किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात, त्याचे कण केवढे आणि कसे पसरलेले आहेत, यात फरक पडतो. ही गाळणी उगाच नाही. सूर्याचे अतिनील (जंबुपार) किरण त्वचेला इजा करतात आणि शरीरातल्या फोलेट या जीवनसत्त्वाचा नाश करतात. उलट, ड जीवनसत्त्व बनण्यासाठी हेच किरण थोडे हवेही असतात. विषुववृत्ताजवळ गडद त्वचा आणि ध्रुवांकडे उजळ त्वचा, हा या दोन गरजांचा तोल आहे, असे नीना जाब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० साली जगभरच्या अतिनील किरणांच्या मोजमापांच्या आधारे मांडले.

२००५ साली शास्त्रज्ञांना फिकट सोनेरी पट्ट्यांच्या एका झेब्रा माशात फिकेपणाला कारण असणारे जनुक सापडले. त्याच जनुकात एका ठिकाणी एका अक्षराचा बदल झाला की माणसाची त्वचाही उजळ होते. युरोपातल्या लोकांत आढळणारा हा बदल अनेक भारतीयांतही आहे आणि दोहोंचा उगम एकच आहे, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. एका वर्गातल्या दोन मुलांच्या, इतकेच काय एका घरातल्या दोन भावंडांच्या रंगांत फरक दिसतो, तो अशा काही अक्षरांचा आणि उन्हाचा. बुद्धी, स्वभाव, सचोटी यांचा त्यात कोठेच संबंध येत नाही.

पांढराफटक आणि गोरा

आता मुख्य मुद्दा. गोरी त्वचा आणि पांढरी पडलेली त्वचा या दोन्हींना इंग्रजीत कधी कधी 'पेल' म्हणून जातात. आपल्या आज्या असा घोटाळा करीत नाहीत. निरोगी मूल 'गोरेपान', आजारातून उठलेले 'पांढरेफटक'. आयुर्वेदानेही गौर वर्णाला रोग म्हटले नाही, पण 'पांडुरोग' मात्र वेगळा सांगितला. गोरेपणा म्हणजे वरची गाळणी विरळ. पांडुरता म्हणजे रक्तातली लाली कमी, हिमोग्लोबिनची उणीव. फिकेपणाची ती तिसरी वाट : रंग देणारे द्रव्यच हरवले.

आणि येथेच सरमिसळ महागात पडते. एखादी मुलगी हळूहळू निस्तेज होत असते आणि घरी कौतुक होते, "हल्ली उजळली आहे!" सावळ्या मुलीचे दुखणे तर आणखी लपते. मेलॅनिनच्या दाट गाळणीमागे गेलेली लाली चेहऱ्यावर दिसतच नाही. म्हणून डॉक्टर चेहरा पाहून थांबत नाहीत. मेलॅनिन जेथे कमी असते तेथे पाहतात : खालच्या पापणीची आतली बाजू, जीभ, नखे, तळहात. त्या जागा लालसर हव्यात. खात्री मात्र रक्त तपासूनच होते. पंधरा वर्षांवरील मुलीच्या १०० मिलिलिटर रक्तात निदान १२ ग्रॅम हिमोग्लोबिन हवे, त्याच वयाच्या मुलाच्या रक्तात १३ ग्रॅम.

२०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींपैकी सुमारे ५९ जणींना रक्तक्षय असल्याचे दिसले. मुलांत हे प्रमाण सुमारे ३१ होते. तुमच्या बाकावर बसलेल्या मैत्रिणीला अजिंक्यताऱ्याची चढण चढताना धाप लागते, तासाला झोप येते, लक्ष लागत नाही, तेव्हा तिला आळशी म्हणण्याआधी हे आकडे आठवा. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी लोहाची आणि फॉलिक ॲसिडची असते. ती खिशात घालून नंतर फेकून देऊ नका. पालेभाज्या, कडधान्ये, बाजरी आणि चालत असेल तर मांस-मासे यांतून लोह मिळते. जेवणात लिंबू पिळले तर ते अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी.

उजळ त्वचाच 'सर्वसाधारण' मानली, तर यंत्रेही चुकतात. करोनाच्या साथीत घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आठवतो ना? तो सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून पाठवून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज घेतो. रक्तात ऑक्सिजन कमी असूनही यंत्राने तो पुरेसा दाखवला, असे कृष्णवर्णी रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडले, असे अमेरिकेतल्या २०२० सालच्या एका अभ्यासात आढळले. प्रकाश पक्षपात करीत नाही. यंत्र कोणाच्या बोटांवर पारखून घ्यायचे, हे मात्र माणसे ठरवतात.

बाटलीतला गोरेपणा

गुळातल्या रसायनाची गोष्ट आठवा आणि मग दुकानातल्या गोरे करणाऱ्या मलमांकडे पाहा. 'फेअर अँड लव्हली' हे मलम भारतात १९७५ साली आले. गोरे आणि सुंदर हे दोन शब्द एका डबीवर जोडलेले पाहत एक पिढी वाढली. २०२० साली कंपनीने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' हा शब्द घातला. शब्द बदलला हे चांगलेच, पण बाजारात नाव-गाव नसलेल्या कितीतरी डब्या येतात. काहींत पारा असतो. तो मेलॅनिन बनण्यात अडथळा आणतो, म्हणून त्वचा फिकी होते, पण तोच पारा त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडे बिघडवतो. काहींत स्टेरॉइड असते. त्याने त्वचा पातळ होते. म्हणजे पैसे देऊन आपण आपलीच गाळणी फोडतो, आणि तीही आपल्या माणदेशी उन्हात!

शिक्षकांना एक विनंती. पुढच्या इंग्रजीच्या किंवा विज्ञानाच्या तासाला फळ्यावर तीन रकाने आखा : उजळपणा, उणीव आणि भाव. मग मुलांकडून इंग्रजी-मराठी शब्द मागवा आणि कोणता कोठे बसतो ते त्यांनाच ठरवू द्या. 'लाइट' पहिल्या रकान्यात जाईल. 'पॅलिड', 'पांढराफटक', 'फिका चहा' दुसऱ्यात. 'फेअर' आणि 'गोरागोमटा' यांच्यावर वाद होईल. तो होऊ द्या. पहिल्या रकान्यासाठी प्रकाशमापक आहे, दुसऱ्यासाठी रक्ताची तपासणी आहे. तिसऱ्या रकान्यातल्या शब्दांसाठी कोणते उपकरण आणता येईल, हे मुलांना विचारा.